कोंडवाड्यातलं रडं

१० जून १९७१, गुरुवार. हिंगणदरा

पोचले एकदाची! विट्यापर्यंत एस.टी. बरी होती. पुढचे सात मैल सरपंच लालासाहेबांनी पाठवलेल्या बैलगाडीतून. गाडीत मी, माझी ट्रंक, स्टोव्ह आणि बाजाराहून परतणारे दोन बोकड. त्यांतल्या एकानं माझ्या छत्रीचं टोक चघळून ठेवलं आहे. नव्या शाळेतला पहिला विद्यार्थी म्हणायचा.

ही वही जालिंदरनं दिलेली. माझा एकुलता एक, एकवीस वर्षांचा, फौजेत आहे, पंजाबात सरहद्दीजवळ. मे महिन्यात रजा संपवून निघाला तेव्हा मिरज स्टेशनवर वही हातात ठेवून म्हणाला, की नव्या गावात तुझी बडबड ऐकायला कोणी नसेल, हिला ऐकव. गाडी सुटताना मी रडले नाही. एवढंच म्हटलं, "मुंगसा, कान झाक रे, खिडकीत वारं लागतं." लहानपणी गोधडीतून फक्त नाक बाहेर काढून बघायचा, म्हणून मुंगूस. हे नाव आम्हा दोघांतलंच. चारचौघांत निघालं तर अजून गाल फुगवतो.

गाव साठ उंबऱ्यांचं. एकही घर असं नाही जिथून कोणी फौजेत गेलं नाही. भिंतीभिंतीवर वर्दीतले फोटो. शाळा एकखोली, मुलं त्रेचाळीस, मास्तर मी एकटी. राहायची खोली शाळेमागं, गावाच्या अगदी कडेला. भाडं नको म्हणाले. कडेची खोली आपल्याला का मिळते हे मला कोणी शिकवायला नको. धम्म घेऊन पंधरा वर्षं झाली तरी खोल्या कडेच्याच. पण खोली कोरडी आहे, खिडकी मोठी आहे. खिडकीसमोर जुना कोंडवाडा आहे, मोकाट गुरं कोंडायचा. पुरुषभर उंचीच्या दगडी भिंती, लाकडी फाटक, वर छप्पर नाही. आत गुरं मात्र नाहीत.

लालासाहेब म्हणाले, "बाई, आदी कोंडवाडा बगा, मग च्या घिऊ." मी म्हटलं, आज चहाच आधी. गावाला दाखवायला दुसरं काही सापडलं नाही वाटतं!

१३ जून, रविवार

आज पाहिला कोंडवाडा. लिहायलाही लाज वाटते, मी आत जाऊन रडले.

फाटकाशी तानुबाई म्हणून ऐंशीच्या पुढची म्हातारी बसलेली असते. तिनं कडी काढली. आत काहीच नाही. झाडलेली माती, कोरडा हौद, भर दुपारचं ऊन. मी हौदापर्यंत गेले आणि छाती भरून आली. रडू लागले ते ऊर बडवत, घुमत, "गुंडा माझ्या, गुंडा माझ्या" म्हणत. मला गुंडा नावाचं कोणी नाही. जरा वेळ झाला असेल नसेल, तानुबाईनं दंड धरून मला बाहेर ओढलं. हात कसला, पक्कड!

बाहेर येताच सगळं थांबलं. उलट हलकं वाटलं, लांबून डोक्यावर आणलेला भारा उतरवल्यासारखं. उपाशी होते, ऊन होतं, दुसरं काय असणार.

एक गोष्ट मात्र खटकते. मी अशी रडतच नाही. हे सात वर्षांपूर्वी विषमज्वरानं गेले तेव्हा रडले होते, तर रडताना माझ्या नाकातून बारीक शिट्टी वाजत होती. सासूबाईंनासुद्धा त्या दुःखात हसू आलं होतं. आज शिट्टी वाजली नाही. रडणं माझं नव्हतंच.

२७ जून, रविवार

तानुबाईला विचारलं. तिनं लपवलं नाही.

पहिल्या मोठ्या लढाईत इथले चाळीसेक गडी गेले. तारा येऊ लागल्या. एका घरात रडं उठलं की शेजारणीच्या पोटात गोळा यायचा, कारण तिचा अजून तिकडं जिवंत असायचा. तेव्हा गावानं ठरवलं, घरात रडायचं नाही. ज्या बाईचा गेला तिनं कोंडवाड्यात यायचं, पोटभर रडायचं, फाटक लावून घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या. तारसुद्धा घरी द्यायची नाही, पोस्टमननं फाटकाशी उभं राहायचं. तानुबाईचा नवरा त्याच लढाईत बसऱ्याला पडला, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. "तवापासनं समदं रडं हितं कोंडलंय, बाई. गुरं ऱ्हात न्हाईत आत. दावी तोडत्यात."

मग परकं माणूस आत गेलं की कोणाचं तरी रडं त्याला लागतं. माझ्या वाट्याला आलं ते रंगुबाईचं, तिचा गुंडा दुसऱ्या लढाईत ब्रह्मदेशात गेला. परकं माणूस रडलं की तेवढं कमी होतं, रंगुबाईला चार दिवस झोप लागते. म्हणून पाहुण्याला आधी कोंडवाडा, मग चहा. आणि म्हणून नव्या मास्तरणीला फाटकासमोरची खोली! मी आपली जातीचा हिशेब मांडत बसले होते. इथं माझे डोळे हवे होते.

राग आला, पण टिकला नाही. रंगुबाई परवा वाटीभर दूध ठेवून गेली, तेव्हा तिला माझ्याकडं बघवत नव्हतं.

मी तानुबाईला विचारलं, मला दंड धरून का ओढलंस? तर म्हणाली, पाहुण्याला चिमटीएवढंच द्यायचं असतं. समदं देऊन टाकलं तर आईला काय उरंल? रंगुबाईलाही गुंडाच्या तिथीला रडायला लागतं की.

मी नवस-अंगारे सोडलेली बाई. विश्वास ठेवत नाही. पण ऐकताना हातावरचे केस उभे राहिले होते.

२४ जुलै, शनिवार

पंचमी दोन दिवसांवर, म्हणून कुंडलहून मनुबाई कासारीण बांगड्या घेऊन आली. गोड बाई. मुलींना बांगड्या भरताना गाणी म्हणत होती. जेवणं झाल्यावर तानुबाईनं तिच्यासाठी कडी काढली. मी खिडकीत मुलांच्या पाट्या तपासत होते.

आतून रडणं आलं आणि त्यात शिट्टी होती. नाकातली, बारीक.

मग शब्द आले. "मुंगसा. माझ्या मुंगसा. कान झाक रे. तिथं थंडी आहे."

पाट्या पडल्या. मी धावले, तानुबाईला बाजूला सारून आत शिरले, मनुबाईला झिंज्या धरून बाहेर काढलं. होय, झिंज्या धरून. तिला काहीच आठवेना. मुंगूस? कुठलं मुंगूस? म्हणाली, रडं अर्ध्यातच तुटलं, घशात अडकल्यागत झालंय. पदरानं डोळे पुसून बांगड्यांची टोपली उचलून गेली.

ते नाव मी या गावात कोणाला सांगितलेलं नाही. ही वही ट्रंकेत, किल्ली माझ्या गळ्यात.

मी इथं त्याच्यासाठी रडलेले नाही. मग माझं रडणं आत कुठून आलं?

१ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर तानुबाई मला चुकवत होती. आज गाठलं. पदर तोंडाला लावून सांगितलं. रंगुबाईचंही असंच झालं होतं. सुगीला आलेला एक घोंगडीवाला आत गुंडाचं नाव घेऊन रडला, तेव्हा गुंडाची खुशालीची पत्रं येत होती. तार दोन महिन्यांनी आली. "रडं आदी येतं बाई, तार मागनं येती. कोंडवाड्याला काल आन् उद्या कुटलं?"

काल जालिंदरचं पत्र आलं आहे. मजेत आहे. वजन वाढलं म्हणतो. हे पत्र हातात आहे, त्याचं अक्षर आहे, शेवटच्या ओळीला नेहमीसारखं वर चढलेलं. हे खरं. बाकी सगळं खोटं.

५ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवस विचार केला. मास्तरीण आहे, वजाबाकी येते.

रडं आधी येतं, मग तार. आत रडंच उरलं नाही, तर तार कशाच्या मागनं येणार?

तानुबाई चिमटीएवढंच देते. मी सगळं देऊन टाकीन. परक्यांना रडू दे, शेवटच्या थेंबापर्यंत. माझा मुलगा वाचला तर मला रडायला काही उरायला नकोच आहे.

हे लिहिताना स्वतःची शरम वाटते. मुलांना विज्ञानाचा धडा शिकवते मी. पण बुडत्याला काडीचा आधार.

१९ ऑगस्ट, गुरुवार

शाळा तपासायला दिपोटी आले होते. तानुबाई दुपारी जेवायला जाते तेवढ्यात मीच कडी काढली. आधी कोंडवाडा, मग चहा, साहेब! गावची रीत आहे.

दुसऱ्या कोणाचं रडं लागू नये म्हणून त्यांना हौदाच्या डाव्या कोपऱ्यात उभं केलं. मनुबाई रडली ती तिथंच. नेम चुकला नाही. जाड भिंगांचा, मिशीवाला माणूस माझ्या आवाजात रडला. "मुंगसा, गोधडीतनं बाहेर ये रे." मी फाटक धरून उभी राहिले, ओढलं नाही. पुरी वीस मिनिटं. साहेब थांबले तेव्हा भिंतीला डोकं टेकून बसले होते, चष्मा मातीत.

शेरा चांगला दिला. सही वेडीवाकडी आली आहे.

१२ सप्टेंबर, रविवार

देवीची लस टोचायला आलेले दोघे. लालासाहेबांचे फलटणचे व्याही. म्हसवडचा घोंगडीवाला, त्याला तर दोनदा पाठवलं. सगळ्यांना डाव्या कोपऱ्यात. व्याही लालासाहेबांना म्हणाले, तुमच्या बाई आग्रह फार करतात. गाव म्हणतं, बाई आता गावच्या झाल्या.

शब्द कमी होत चालले आहेत. व्याह्यांच्या तोंडून फक्त "मुंगसा" आलं आणि शिट्टी. वजाबाकी बरोबर चालली आहे.

जालिंदरसाठी कानटोपी विणायला घेतली.

१० ऑक्टोबर, रविवार

तानुबाईला कळलं. फाटकाशी माझे दोन्ही हात धरून रडकुंडीला आली. रडली मात्र नाही, बाहेर रडत नाहीत ना. म्हणाली, "आसं करू नगा बाई. ते रडं मरणाचं न्हवं, आईचं असतं. ते संपलं म्हंजी मरान टळत न्हाई. आई रिकामी हुती."

मी तिला नको ते बोलले. तुझा नवरा गेला, तुला दुसऱ्याचा वाचलेला बघवत नाही, असं म्हणाले. पन्नास-पंचावन्न वर्षं फाटकाशी बसलेल्या बाईला मी हे म्हणाले.

 तिनं फाटकाशी बसायची आपली जागा मला दाखवून दिली आणि घरी निघून गेली.

कानटोपी पाठवली. पत्र आलं आहे. दिवाळीला येणार होता, सगळ्यांच्या रजा बंद झाल्या.

१४ नोव्हेंबर, रविवार

आज भांड्यांना कल्हई लावणारा डाव्या कोपऱ्यात अर्धा तास उभा राहिला. काहीच झालं नाही! विडी ओढली त्यानं. विचारलं, हितं काय बगायचं असतं?

संपलं. मी खोलीत येऊन दार लावून हसले. शिरा केला, त्रेचाळीस मुलांना वाटला. रंगुबाईनं घेतला नाही. माझ्याकडं बघत राहिली.

४ डिसेंबर, शनिवार

लढाई सुरू झाली. लालासाहेबांच्या रेडिओभोवती सगळं गाव.

बायकांची तोंडं उतरली आहेत. माझं नाही. मला ठाऊक आहे ना. माझ्या कोपऱ्यात काहीच नाही.

१७ डिसेंबर, शुक्रवार

थांबली! लढाई थांबली. जिंकलो. मुलांना सुट्टी दिली. तार आली नाही. माझं गणित बरोबर आलं. तानुबाईची माफी मागायला हवी.

२० डिसेंबर, सोमवार

तेराचा पाढा चालला होता. खिडकीतून दिसलं, सयाजी पोस्टमन कोंडवाड्याच्या फाटकाशी उभा आहे. डोक्यावरची टोपी हातात.

कोणाची, कोणाची, म्हणत होते मनात. दारादारांत बायका उभ्या होत्या. सगळ्या शाळेकडं बघत होत्या.

मी पाढा पूर्ण करून घेतला.

२१ डिसेंबर

दहा तारखेला गेला. तारेत तेवढंच आहे. नाव बरोबर आहे. नंबर बरोबर आहे.

रंगुबाई आणि तानुबाई दोघींनी धरून आत नेलं. फाटक लावून बाहेर थांबल्या. डाव्या कोपऱ्यात मी उभी राहिले. "मुंगसा" म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

काही आलं नाही.

चिमणी येऊन हौदावर बसली, उडून गेली. मी तिच्याकडं बघत होते. माझा मुलगा गेला आणि मी चिमणीकडं बघत होते.

२३ डिसेंबर

त्याचं पत्र आलं. सहा तारखेचं.

"आई, कानटोपी मिळाली. सगळे हसतात, पण घालतो. कान झाकलेत, काळजी करू नको."

दहा वेळा वाचलं. डोळे कोरडे. हौदासारखे कोरडे. मिरची चोळली. आग झाली, पाणी आलं, पण ते मिरचीचं.

२६ डिसेंबर

रोज आत जाते. उभी राहते.

आज दुसऱ्या कोपऱ्यात गेले. रडले, खूप रडले. "गुंडा माझ्या" म्हणून. मधेच त्याचं नाव घ्यायला बघितलं — तोंडातून गुंडाच निघाला — पोर माझं गेलं आणि मी रंगुबाईच्या पोरासाठी —

रंगुबाई बाहेर होती. म्हणाली, घ्या माजं, हवं तेवढं घ्या.

नको मला तुझं.

२९ डिसेंबर

दिपोटींच्या घरी जाऊन आले. समोर बसले. तोंडाकडं बघत. ते म्हणाले, बाई, बदली हवी आहे का? त्यांच्याकडं काही नाही. पुरतं रडले होते ते. मीच रडू दिलं. फाटक धरून उभी होते मी.

कोणाकोणाला दिलं. डोळे पुसून चहा पिऊन गेले सगळे. माझ्या पोराचं रडं. मीच वाटलं. शिरा वाटावा तसं —

३१ डिसेंबर

तानुबाई आली. मी पाय धरले. त्या दिवशीचं बोलणं पोटात घाल म्हटलं. तिनं डोक्यावर हात ठेवला.

म्हणाली, एकच हाय. मी हुंदका सरल्यावर वडते, जिचं हुंदक्याच्या अर्ध्यात तुटलं ती. जिला तुमी वडून काडली. अर्धं रडं घिऊन गेलेल्याच्या आत ते ऱ्हातं, कवातरी वर येतं.

मनुबाई. घशात अडकल्यागत झालंय म्हणाली होती.

२ जानेवारी १९७२, रविवार. कुंडल

मनुबाईच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. वही मांडीवर. पहाटेपासून चालत आले.

तिनं ओळखलं. झिंज्यांचं मनावर घेतलं नाही. म्हणते, पंचमीपासून असं होतं, बांगड्या भरताना मधेच डोळे भरतात, कोणाच्या तरी कानांना वारं लागतंय असं वाटतं. कोणाच्या ते कळत नाही. मी सांगितलं, माझ्या मुलाच्या. तिनं माझा हात धरला. सोडला नाही.

दुपार झाली. तिनं भाकरी वाढली. मी खाल्ली नाही. तिच्या डोळ्यांकडं बघते आहे. मेल्या मनानं वाट बघते आहे की एक बाई रडावी.

थोडंच असेल. अर्धंच. पुन्हा येणार नाही. म्हणून शब्द उतरवून घेते —

तिच्या हातातली बांगडी खाली पडली. डोळे भरले. माझ्याकडं बघते आहे. ओठ —

शिट्टी वाजली. माझी.

"मुंगसा," म्हणते आहे. "मुंगसा, कान झाकलेस ना रे" —

झाकले होते त्यानं मनुबाई, पत्र आहे माझ्याकडं, त्यानं झाकले —

डोळे पुसू नको. थांब. इकडं कर तोंड. एक थेंब, एकच, माझ्या गालाला —